काट्यावर दाब दिसतो, हवा दिसत नाही



होळी झाली की आपल्या भागात विहिरी-विहिरींवर ट्रॅक्टरचे काँप्रेसर धडधडू लागतात. तळ फोडायचा तर पाणी खाली गेलेले असतानाच, पावसाच्या आत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. उभा ऊस वाचवायला माणूस कर्ज काढून विहीर खोल करतो. म्हणून आज हा विषय.

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या विहिरीवर आम्ही गेलो होतो. दोन मशिनी चालू, पण भोक काही पुढे सरकेना. "खडकच लई कडक हाय, साहेब," असे मिस्त्री म्हणाले. काम तासावर होते. आम्ही एक मशीन बंद करायला लावली, तशी दुसरी जोमाने चालू लागली. खडक तोच होता, हवा कमी पडत होती.

काट्यावर ७ किलो दिसले की आपले समाधान होते. पण मशिनी बंद असताना लहानसा काँप्रेसरही टाकीत ७ किलो भरतो. पंपाने पाणी उंच चढवले, पण धार करंगळीएवढी पडली तर सरी भिजत नाही, तसेच हे. एका जॅकहॅमरला मिनिटाला साधारण १०० घनफूट हवा लागते. ७ किलो दाबाला एका अश्वशक्तीत जेमतेम ४ घनफूट हवा मिळते. म्हणजे ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर फार तर १४० घनफूट. त्यावर दोन मशिनी अर्धपोटीच चालणार. त्यात पाईपला ३ मिलिमीटरचे भोक असले तर मिनिटाला २० घनफुटांहून जास्त हवा वाया जाते. सैल पट्टा, धुळीने तुंबलेला फिल्टर, लांब आणि बारीक पाईप हेही नडतात.

आमचे स्पष्ट मत आहे की, हे काम तासावर देऊ नये. भोकाच्या फुटावर द्यावे. तासावर दिले तर कमी हवेचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. फुटावर दिले तर यंत्रमालक स्वतःच पट्टा आवळतो. कडक थर लागला तर आमचे नुकसान, असे यंत्रमालक म्हणतात. ते रास्त आहे. मऊ आणि कडक थराचे दर आधीच वेगळे ठरवावेत.

काम सुरू करताना दोन्ही मशिनी खडकावर लावून काटा पाहा. ५ किलोच्या खाली उतरला तर एकच मशीन चालवायला सांगा. पाईपच्या जोडांवर साबणाचे पाणी टाका; बुडबुडे आले की गळती समजा. यात कमीपणा नाही; काट्यावर ऊस मोजताना आपण उभे राहतोच की!

विहिरीसाठी उचल देताना कारखान्यानेही फुटाच्या दराची अट घालावी, असे आम्ही सुचवतो. झरा लागणे नशिबावर, पण पैसा खडकात जातो की नुसत्या आवाजात, हे पाहणे आपल्याच हाती आहे.