जतन की कातरकाम?

युरोपीय राजसंग्रहांनी आमची कला जतन केली, असे म्हणणाऱ्यांनी व्हिएन्नाच्या शोनब्रुन या बरोक राजवाड्यातील ‘मिलियोनेनत्सिमर’, म्हणजे लाखमोलाचे दालन, अवश्य पाहावे. आपले प्रवासी तेथील शिसवी भिंतींवरच लुब्ध होतात. त्या भिंतींतील ६० वळणदार चौकटींत मुघल लघुचित्रे आहेत. नव्हे, त्यांचे तुकडे! मारिया थेरेसा (राज्यकाल १७४०-८०) हिच्या कुटुंबीयांनी चौकटींच्या वेड्यावाकड्या आकारांत बसावीत म्हणून ती कातरली आणि एकाचा तुकडा दुसऱ्यास डकवला. रंग टिकले, हे मान्य. पण चित्रकाराने योजिलेली रचना, आकृतींमधले अंतर, प्रसंगाचा संदर्भ यांचे काय? युरोपीय चित्रकाराचे तैलचित्र त्या दरबाराने असेच चौकटीच्या मापाने कातरले असते काय?