भिंतीवरचा लिंकन आणि फुल्यांची अर्पणपत्रिका

मराठी माणूस अब्राहम लिंकनला ओळखतो तो मुख्यतः एका पत्रामुळे. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं ते पत्र वसंत बापटांच्या अनुवादातून शाळाशाळांच्या भिंतींवर पोचलं. इथे रायपूरच्या मराठी घरांतही मी ते फ्रेम करून लावलेलं पाहिलंय. लिंकनच्या संकलित लेखनात मात्र हे पत्र कुठेच नाही. त्याने ते लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही.

पत्र त्याचं नाही, एवढीच माझी तक्रार नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावर चार वर्षं यादवी युद्ध लढलेल्या राष्ट्राध्यक्षाचं आपण काय जपलं? तर मुलाने गुणी कसं व्हावं याचा उपदेश. त्यात गुलाम नाहीत, मालकही नाहीत. जातीच्या समाजाला असाच लिंकन सोयीचा पडतो.

खरा लिंकन आपल्यासारख्या पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना जवळचा वाटावा असा आहे. वडिलांना जेमतेम सही करता यायची. त्याची स्वतःची सगळी शाळा मिळून वर्षही भरत नाही. उसन्या पुस्तकांवर तो वकील झाला. पण म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. 1 जानेवारी 1863 ची मुक्तीची घोषणा फक्त बंडखोर प्रदेशापुरती होती; केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर इथले गुलाम तिच्यात नव्हते. त्याला पुढे रेटलं ते मळे सोडून पळालेल्या गुलामांनी आणि त्याच्या फौजेत लढलेल्या सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय सैनिकांनी. देशभरची गुलामी कायद्याने संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1865 मध्ये लागू झाली, तेव्हा लिंकन हयात नव्हता. त्याला गोळी घातली ती 14 एप्रिलला. ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे.

1876 मध्ये, त्याच तारखेला, वॉशिंग्टनमध्ये त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवलेले; पुतळ्यात मात्र लिंकन उभा आणि कृष्णवर्णीय माणूस त्याच्या पायाशी गुडघ्यावर. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस तिथले वक्ते होते. लिंकन हा मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, हे त्यांनी भर सभेत सांगितलं आणि तरीही त्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं. आदर असा डोळे उघडे ठेवून करता येतो.

त्याच्या तीन वर्षं आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अर्पणपत्रिकेत लिंकनचं नाव नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या लोकांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवण्यासाठी गिरवावा, ही त्यांची इच्छा. पुण्यात बसून त्यांनी नेमका धागा पकडला होता.

तुमच्यापैकी कित्येक जण आता शाळांमध्ये शिकवताय. भिंतीवरचं पत्र काढायलाच हवं असं नाही. ते लिंकनचं नाही, अशी एक ओळ त्याखाली लिहा आणि शेजारी फुल्यांची अर्पणपत्रिका लावा. ती पानभरही नाही. वर्गात वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात.