षट्कोन पाठ करण्यापूर्वी हळद पाहा

सहा कोनांची एक आकृती काढायची, तिच्या आत एकाआड एक तीन रेघा ओढायच्या आणि खाली लिहायचे 'बेंझीन'. ॲरोमॅटिक संयुगांची ओळख आपल्याकडे बहुतेक विद्यार्थ्यांना अशी होते. मग नायट्रीकरण, सल्फोनीकरण, हॅलोजनीकरण अशी विक्रियांची यादी येते. ती परीक्षेपर्यंत पाठ राहते आणि परीक्षा संपली की विसरते. 'सेंद्रिय रसायन म्हणजे नुसती घोकंपट्टी' असे मुले म्हणू लागतात ती येथूनच. विषय अवघड आहे म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. आपण त्या घरात चुकीच्या दाराने शिरतो, एवढेच.

अडचण उघड आहे. बेंझीन कर्करोगास कारण ठरणारे द्रव्य असल्यामुळे ते शाळेच्या प्रयोगशाळेत आणता येत नाही आणि आणूही नये. त्यामुळे वलय फळ्यावरच राहते. परंतु ज्याच्या रेणूत अशी वलये आहेत असा पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या रहिमतपूरच्या स्टेशनावरून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत सांगली लागते. सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जवळच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीतील पेवे प्रसिद्ध होती. २०१८ मध्ये 'सांगलीची हळद' या नावाला भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. ॲरोमॅटिक रसायनाचा पहिला धडा या हळदीपासून सुरू करावा, असे माझे मत आहे.

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कुर्कुमीन या संयुगामुळे असतो. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. सात कार्बन अणूंची एक साखळी आणि तिच्या दोन टोकांना एकेक सहा-कार्बनी वलय, अशी त्याची ठेवण आहे. कार्बन मोजून पाहा: सात, सहा आणि सहा मिळून एकोणीस. उरलेले दोन कार्बन प्रत्येक वलयावरील मेथॉक्सी गटातले. त्या गटाच्या शेजारीच एक हायड्रॉक्सी गट असतो.

वलयावरची ही जोडी आणखी कोठे सापडते? लवंगेतील युजेनॉलमध्ये आणि व्हॅनिलाच्या शेंगेतील व्हॅनिलीनमध्ये. ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, बडीशेपेतील ॲनेथॉल यांतही बेंझिनाचे वलय आहे. ॲरोमॅटिक, म्हणजे सुवासिक, हे नाव अशाच पदार्थांवरून पडले. पण नावावर विसंबू नका. कापराला वास आहे, तरी तो ॲरोमॅटिक नाही. लिंबाच्या सालीतील लिमोनीनही नाही. उलट तुमच्या डोकेदुखीवरच्या ॲस्पिरीनच्या गोळीला सुवास नाही, पण तिच्यात वलय आहे. ओळख वासावरून होत नाही. ती रचनेवरून आणि वागणुकीवरून होते.

तीन साधे प्रयोग

पहिला प्रयोग: थोडी हळद स्पिरिटमध्ये ढवळा (जवळ ज्योत नको), गाळा आणि त्यात कागदाच्या पट्ट्या भिजवून वाळवा. पट्टीवर साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी टाका. पट्टी लाल होईल. त्यावर लिंबू पिळा; ती पुन्हा पिवळी होईल. मुरगळलेल्या पायावर लावायचा हळद-चुन्याचा लेप लाल का होतो, हे तुम्हांला आता कळेल.

दुसरा प्रयोग: हळद पाण्यात आणि तेलात वेगवेगळी घालून पाहा. पाण्यात ती नुसती गढूळ होऊन तळाशी बसते. तेलात मात्र रंग उतरतो.

तिसरा प्रयोग: हळदीने डागळलेल्या कापडाचे दोन तुकडे करा. एक उन्हात वाळत घाला, दुसरा कपाटात ठेवा. उन्हातला डाग फिका पडतो.

या ठिकाणी माझ्यासारख्या भौतिकीच्या शिक्षकाला बोलावेसे वाटते. तंबोऱ्याची तार लांब असली की स्वर खाली उतरतो. रेणूतील इलेक्ट्रॉनांचेही काहीसे असेच आहे. त्यांना फिरायला जितका लांब मार्ग मोकळा, तितक्या कमी कंप्रतेचा प्रकाश ते शोषतात. बेंझिनाचे वलय लहान. ते सुमारे २५५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषते, म्हणून आपल्याला रंगहीन दिसते. कुर्कुमीनमध्ये दोन वलये आणि मधली साखळी मिळून मार्ग लांब होतो. शोषण सुमारे ४२५ नॅनोमीटरवर, म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशात येते आणि उरलेला प्रकाश पिवळा दिसतो. अल्क टाकला की हायड्रॉक्सी गटातील हायड्रोजनाचे केंद्रक निघून जाते. मागे राहिलेला ऋणभार वलयातील इलेक्ट्रॉनांत पसरतो, शोषण हिरव्याकडे सरकते आणि पट्टी लाल दिसते. उन्हात काय होते? प्रकाशाची ऊर्जा शोषून मधली साखळी तुटते आणि रंग जातो. पण तुटलेल्या तुकड्यांत व्हॅनिलीन सापडते. म्हणजे साखळी तुटली, तरी वलय टिकले.

वलय का टिकते?

सगळ्या प्रकरणाचे मर्म या प्रश्नात आहे. बेंझीन प्रथम वेगळे केले ते मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये. त्याच्या सहा कार्बनांचे वलय केकुले यांनी १८६५ मध्ये सुचवले. पण त्या वलयात खरोखरच तीन दुहेरी बंध असते, तर ते ब्रोमिनाला इथिलीनसारखे चटकन सामावून घेते. ते तसे करीत नाही. एक दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनशी हायड्रोजनाचा संयोग घडवला, तर दर मोलला सुमारे १२० किलोज्यूल उष्णता मिळते. तीन बंधांना ३६० मिळायला हवी. बेंझिनापासून मिळते सुमारे २०८. म्हणजे बेंझीन अपेक्षेपेक्षा सुमारे १५० किलोज्यूलनी अधिक स्थिर आहे.

वलयाचा आकार मात्र बराच काळ कोणी पाहिला नव्हता. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी हेक्झामेथिलबेंझिनाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडून दाखवले की वलय सपाट आणि समभुज आहे. एकेरी बंध ०.१५४ नॅनोमीटरचा, दुहेरी ०.१३४ चा, बेंझिनातले सहाही बंध सारखे, सुमारे ०.१४० चे. १९३० च्या सुमारास आपल्याकडे कोलकात्यात केदारेश्वर बॅनर्जी यांनी नॅप्थॅलीनच्या, म्हणजे डांबराच्या गोळीतल्या द्रव्याच्या, स्फटिकाची रचना उलगडली. १९३१ मध्ये ह्युकेल यांनी गणिताने दाखवले की अशा वलयात सहा इलेक्ट्रॉन सामाईक फिरत असले म्हणजे त्याला विशेष स्थैर्य येते. लॉन्सडेल, बॅनर्जी, ह्युकेल हे तिघेही भौतिकीचे अभ्यासक. तेव्हा 'हा धडा रसायनाचा, तुमचा काय संबंध?' असे मला कोणी विचारू नये.

हे एकदा ध्यानात आले की विक्रियांची लांबलचक यादी एका वाक्यात मावते. इलेक्ट्रॉनांच्या ओढीने एखादा धनभारित गट येतो, वलयावर बसतो आणि तेथला हायड्रोजन निघून जातो. दीडशे किलोज्यूलचे स्थैर्य सोडायला वलय तयार नसते. वाड्यातला भाडेकरू बदलतो, वाडा कोणी पाडत नाही. नायट्रीकरण, सल्फोनीकरण, हॅलोजनीकरण यांत फक्त नवा भाडेकरू निराळा.

याची गरज काय?

गरज बाजारातच आहे. नायट्रीकरणाने नायट्रोबेंझीन होते, त्यापासून ॲनिलीन, आणि ॲनिलिनापासून ॲझो रंग. आजच्या रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन अनेक वर्षे तयार केले. असे रंग नसते तर आपले कापड एवढे रंगीत झाले नसते. पण त्यांपैकी मेटॅनिल यलो हा रंग हळदीच्या भुकटीत भेसळ म्हणूनही मिसळला जातो. त्याच्या रेणूतही बेंझिनाची तीन वलये आहेत आणि खाद्यपदार्थांत तो वापरण्यास आपल्या देशात मनाई आहे. डोळ्यांना दोन्ही पिवळे. फरक सांगते रसायनशास्त्र. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की भेसळीची हळद गुलाबी-जांभळी होते आणि पाणी घातले तरी तो रंग टिकतो. तीव्र आम्लाने शुद्ध हळदीलाही लालसर छटा येते, पण पाणी घालताच ती जाते. हा शेवटचा भाग न शिकवता नुसती 'चाचणी' पाठ करणारा विद्यार्थी प्रामाणिक दुकानदारालाही चोर ठरवील. (हा प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा.)

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. धड्याचा पहिला तास हळदीच्या पट्ट्यांना द्या, दुसरा १२० आणि २०८ या आकड्यांना द्या, आणि षट्कोन तिसऱ्या तासाला काढा. अभ्यासक्रम पुरा होणार नाही अशी भीती अनेकांना वाटते. पण पाच विक्रिया पाच वेळा शिकवण्यापेक्षा त्यांमागचे एक कारण एकदा समजावणे वेळ वाचवते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, फळ्यावर षट्कोन दिसला की एक प्रश्न जरूर विचारा: "सर, हे कशावरून?" या प्रश्नाची उत्तरे शोधता शोधताच शंभर वर्षांत ते वलय सिद्ध झाले. परीक्षेत गुण आकृतीला मिळतील. पण भेसळ ओळखायची, नवा रंग शोधायचा किंवा औषध घडवायचे, तर उपयोगी पडेल तो हाच प्रश्न.