खोट्या दप्तराला संगणकाचा शिक्का!

खोटा हिशेब संगणकाने मांडला म्हणजे खरा होतो, असे सहकार कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिले आहे? जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. साऱ्या देशाला एकच ईआरपी, म्हणजे सारे हिशेब एकत्र ठेवणारी संगणकप्रणाली, वर नाबार्डची देखरेख. आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्याही त्यात आल्या. पैसा जनतेचा आहे, तेव्हा जाबही जनताच विचारणार.

सोसायट्यांच्या दप्तरांत काय दडले आहे, हे सहकार खात्याला ठाऊक नाही काय? सभासदांकडून येणे कमी आणि जिल्हा बँकेचे देणे जास्त, या भगदाडाला खात्याच्याच कागदांत ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. मार्चअखेर शेतकऱ्याच्या हाती रुपया न पडता जुने कर्ज फिटते, नवे उभे राहते. गावात याला ‘नवं-जुनं’ म्हणतात आणि वसुलीचे आकडे त्यावरच फुगतात. हेच आकडे आरंभीची शिल्लक म्हणून प्रणालीत चढवले, की कालची लबाडी आज सरकारमान्य माहिती ठरते! न उचललेले कर्ज ज्याच्या नावावर पडले, त्या शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? संगणकाच्या पडद्याकडे?

सोसायटीचे दप्तर लिहिण्याचा आणि ही प्रणाली चालवण्याचा सारा भार आहे गटसचिवावर. एकेकाकडे अनेक सोसायट्या, आणि थकलेल्या पगारासाठी आंदोलने करण्याची पाळी. यंत्राला कोटी आणि ते चालवणाऱ्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, हा निर्दयपणा आहे.

यंत्र आले की चोरी थांबते, ही थापही पुरे झाली. आफ्रिकेतल्या मलावीत सरकारी तिजोरीला अशीच एकत्रित वित्तप्रणाली होती. २०१३ मध्ये उघड झाले, की अधिकाऱ्यांनी तिच्यातूनच पैसे काढले आणि नोंदी पुसून टाकल्या. आपल्याकडे २०१७ च्या कर्जमाफीत शेतकरी ऑनलाइन अर्जासाठी रांगेत उभा राहिला, तरी याद्यांत घोळ झालाच.

संगणक जरूर हवा. पण स्वच्छ दप्तरावर. प्रत्येक सभासदाच्या हाती खातेउतारा द्या, चावडीवर वाचन करा, तफावत कोणी केली ते ठरवून त्याच्याकडून वसूल करा, सचिवांचे पगार चुकते करा. जिथे शिल्लक आधीच चढवली आहे, तिथे ती पुन्हा तपासा.

सभासदांनो, वार्षिक सभेत नुसती हजेरीची सही करून उठू नका. आपला उतारा मागा, रकमा ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर लेखी हरकत द्या आणि तिची पोच घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.