विश्लेषण : उशीर झाला तर फाशी टळते, गर्भपात मात्र अडतो

एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच ‘फाशी द्या’ सुरू होतं. गर्भपाताचा विषय निघाला की त्याच ग्रुपवर ‘जीव घेणं पाप’ असंही लिहिलं जातं. मग कायदा जिवाची किंमत कशी करतो?

आधी फाशीचं पाहू. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं की खुनाला जन्मठेप हा नियम. फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मीळ गुन्ह्यात. कोल्हापूरचं गावित बहिणींचं प्रकरण आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. लहान मुलांना पळवून त्यांचे खून केल्याबद्दल रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. कारण काय, तर दयेच्या अर्जाचा निकाल लागायला सात वर्षांहून जास्त वेळ गेला. गुन्हा कोर्टाने माफ केला नाही, पण सरकारी दिरंगाईचा फायदा दोषींना मिळाला.

आता गर्भपात. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. कायद्यात दिलेली कारणं असतील तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, तेही बलात्कार पीडित, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा ठराविक महिलांसाठी. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित महिलांनाही हा हक्क दिला. २४ आठवड्यांनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. आईचा जीव वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई २६ आठवड्यांची गरोदर असताना सुप्रीम कोर्टात गेली. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. पण आईला तातडीचा धोका नाही आणि गर्भात व्यंग नाही, म्हणून कोर्टाने परवानगी नाकारली.

दोन्ही कायदे एका ठिकाणी भेटतात. फाशी झालेली महिला गरोदर असेल तर हायकोर्टाला तिची शिक्षा जन्मठेपेत बदलावीच लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५६ मध्ये तसं लिहिलं आहे. म्हणजे पोटातल्या जिवामुळे आईचाही जीव वाचतो.

कायदा जीव मोलाचा मानतो, यात शंका नाही. प्रश्न उशिराचा आहे. फाशीत यंत्रणेने उशीर केला तर कैद्याला सूट मिळते. गर्भपातात सोनोग्राफीला तालुक्याला, तिथून जिल्ह्याला अशा खेपांत आठवडे निघून जातात, आणि त्याची किंमत त्या बाईलाच मोजावी लागते. तिच्या उशिराचा हिशोब कोणी विचारत नाही.

म्हणून दोन गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, पण कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही. आणि सज्ञान महिलेला त्यासाठी नवऱ्याची किंवा सासरची सही लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते. अडचण असेल तर लाजेपोटी आठवडे घालवू नका, मान्यताप्राप्त दवाखाना लवकर गाठा.