हापूसचा शुगर फंडा

आमच्या रत्नागिरीच्या हापूसची पेटी आली, की आपण आधी वास घेतो, मग रेट विचारतो. पण बॉस, ही गोडी येते कुठून? मातीतून? छे, चक्क हवेतून!

पानाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, रुबिस्को नावाचं एन्झाइम त्याला पकडतं आणि उन्हाच्या एनर्जीवर त्याची साखर बनते. ही रेसिपी उलगडली मेल्विन कॅल्विन आणि त्याच्या टीमनं. १९६१चं नोबेल कॅल्विनला त्यासाठीच मिळालं. पानातली साखर फळात जाऊन स्टार्च होऊन बसते. आंबा आढीत पिकला, की त्या स्टार्चची पुन्हा साखर!

लोचा एकच. ऊन फार तापलं, की पाणी वाचवायला पान छिद्रं मिटतं. कच्चा माल बंद, साखरेचं काम थंड. कोकणातला अननस हुशार, तो रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो. नाइट शिफ्टच! आंब्याला ती सोय नाही. म्हणूनच कडक उन्हाळ्यात बागायतदाराच्या पोटात गोळा येतो.

मी तर म्हणते, यंदा भावावरून घासाघीस करताना पानांचा ओव्हरटाइमही हिशेबात धरा!