स्मार्ट बोर्ड आहे, पण मुलं काय करतात?

कळंबमध्येही आता शाळा निवडताना आपण आधी विचारतो, "स्मार्ट बोर्ड आहे का?" अहो, त्यावर नुसते व्हिडिओच बघायचे तर घरचा टीव्ही काय वाईट?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, कन्नड बोलणाऱ्या मुलींसाठी धडे त्यांच्या भाषेत आणले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तर निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांना द्यायचं जाहीर केलं. (अपरिग्रह आणखी काय असतो?)

ज्ञानपंचमीला पोथी पूजतो, उघडतो किती जणी? बोर्डाचंही तेच चाललंय. पुढच्या पालकसभेत विचारा: या आठवड्यात मुलांनी त्यावर स्वतः काय केलं? आजीची गोष्ट रेकॉर्ड केली? शेतातल्या किडीचा फोटो काढून वर्गाला समजावला? उत्तर येईपर्यंत उठू नका.